सरोवरांतील लांकडी आगबोटी

जत्रेंत विकावयास येणारी पत्र्याची चिमुकली बोट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्या पोटांत तेलाचा दिवा किंवा मेणबत्तीचा तुकडा पेटवून तिला परातींतील पाण्यांत सोडली, म्हणजे फट् फट् असा आवाज करीत ती गोल फिरूं लागते. मुलें तिला खेळणें समजतात, आणि तें खरेंच आहे. परंतु विस्तव, पाणी, वाफ आणि गति हे आगबोटीच्या शास्त्राचे चारही धडे त्या खेळण्यांत सांठविलेले आहेत. आगबोट हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. मुंबईचें बंदर, एके काळीं तेथून कोंकणांत जाणाऱ्या बोटी आणि त्यांचे ते मोठे भोंगे आठवतात. प्रस्तुत लेखांत मात्र आम्ही वाचकांस समुद्रावर नेत नाहीं. डोंगरांच्या कुशींत वसलेल्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत ज्या लहान, सुबक, लांकडी आगबोटी गेल्या शतकापूर्वीच्या शतकांत बांधल्या गेल्या, आणि ज्यांतील कांहीं आजही शाबूत आहेत, त्यांची ओळख करून देण्याचा आमचा हेतु आहे. नुसतें कौतुक करणें सोपें आहे. समजून कौतुक करावयाचें, तर थोडा अभ्यास हवा.

प्रारंभ एका तळ्यावर

वाफेच्या नौकांचा इतिहास सांगतांना बहुधा अमेरिकेंतील फुल्टन याचें व १८०७ सालचें नांव घेतलें जातें. परंतु त्याच्या एकोणीस वर्षें आधीं, १४ ऑक्टोबर १७८८ रोजीं, स्कॉटलंडांतील डम्फ्रीस गांवाजवळ डॅल्स्विंटन नांवाच्या एका लहानशा तळ्यावर एक वाफेची नाव चालली होती. पॅट्रिक मिलर हा तेथील जमीनदार. त्यास नव्या कल्पनांचा फार नाद. विल्यम सिमिंग्टन या कारागिरानें यंत्र तयार केलें. दोन नावा शेजारीं शेजारीं जोडून त्यांच्या मधल्या जागेंत पाणी मागें लोटणारीं चाकें बसविलीं होतीं. नावेची लांबी अवघी २५ फूट, आणि वेग ताशीं सुमारें ५ मैल. समुद्राच्या लाटा, भरती-ओहोटी व वारा यांची अडचण नसल्यामुळें असा प्रयोग करण्यास तळें हें उत्तम स्थळ होय. जी विद्या पुढें महासागर ओलांडून गेली, तिनें आपलें पहिलें पाऊल असें शांत पाण्यांत टाकिलें.

आपल्या देशांतही ही विद्या फार उशिरां आली असें नाहीं. मुंबईच्या गोदींतील प्रसिद्ध वाडिया घराण्यांतील अर्देशिर कर्सेटजी यांनीं वयाच्या पंचविशीच्या सुमारास, १८३३ सालीं, 'इंडस' नांवाची लहान आगबोट मुंबईंत बांधून पाण्यांत सोडली. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासदत्व दिलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

तळ्यावर बोट पोंचते कशी?

येथें एक प्रश्न विचारी वाचकाच्या मनांत येईल. समुद्रांतील बोट एका बंदरांत बांधून दुसऱ्या बंदरास नेतां येते. पण चोहोंकडून डोंगरांनीं वेढलेल्या तळ्यांत ती शिरावी कशी? याचीं उत्तरें दोन. लोखंडी बोट असल्यास तिचे सुटे भाग करून काठावर वाहून न्यावयाचे व तेथें पुन्हां जोडावयाचे. दक्षिण अमेरिकेंत समुद्रसपाटीपासून सुमारें ३,८०० मीटर उंचीवर असलेल्या टिटिकाका सरोवरांत 'यावारी' ही बोट अशाच रीतीनें गेली. इंग्लंडांत तयार झालेले तिचे तुकडे खेंचरांच्या पाठीवरून पर्वत चढले, आणि १८७० सालीं नाताळच्या दिवशीं ती पाण्यावर तरंगली. आफ्रिकेंतील न्यासा सरोवरासाठीं डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनीं 'लेडी न्यासा' ही बोट मुद्दाम स्कॉटलंडांत बांधवून घेतली होती. गुलामांच्या व्यापारास त्या पाण्यावर आळा बसावा, ही त्यांची तळमळ. परंतु ती बोट सरोवरापर्यंत पोंचलीच नाहीं. अखेर १८६४ सालीं तिचे तांडेल स्वतः होऊन त्यांनीं ती झांझिबारहून हिंदी महासागर ओलांडून ४५ दिवसांत मुंबईस आणिली, आणि पुढें तेथेंच विकली. सरोवरासाठीं जन्मलेल्या नौकेस सरोवर दिसलें नाहीं, मुंबई दिसली! त्यांचें अपुरें राहिलेलें काम ११ वर्षांनीं 'इलाला' या बोटीनें केलें. वाटेंतील धबधब्यांपाशीं तिचे सुटे भाग शेंकडों हमालांनीं वाहून नेले, आणि १८७५ सालीं ती न्यासा सरोवरांत शिरली.

दुसरें उत्तर साधें आहे: जेथें पाणी, तेथेंच नाव बांधावी. लांकडी नावेस हें विशेष सोयीचें. फळ्या, करवत, रंधा आणि कुशल सुतार एवढें काठावर असलें कीं झालें; यंत्र तेवढें बाहेरून आणावयाचें. म्हणून लांकडी आगबोट ही बहुधा आपल्या तळ्याची लेक असते. तिचा आकार त्या पाण्याच्या स्वभावास अनुसरून घडलेला असतो, आणि तिच्या सुताराचें घर तिच्या धक्क्यापासून फार दूर नसतें.

विंडरमिअर सरोवर

अशा नौकांचें माहेरघर म्हणून इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांच्या प्रदेशाचें नांव घ्यावें लागेल. वर्ड्‌स्वर्थ कवीच्या कविता शिकलेल्या विद्यार्थ्यांस हा प्रदेश अपरिचित नाहीं. तेथील विंडरमिअर हें इंग्लंडांतील सर्वांत मोठें नैसर्गिक सरोवर. लांबी सुमारें १७ किलोमीटर, रुंदी मात्र बेताची, म्हणजे एखाद्या संथ व रुंद नदीसारखेंच त्याचें रूप. १८४५ सालीं या सरोवरांत 'लेडी ऑफ द लेक' ही उतारूंची लांकडी आगबोट चालूं झाली. दोन वर्षांनीं, १८४७ सालीं, आगगाडीही सरोवराजवळ येऊन ठेपली. या आगगाडीस वर्ड्‌स्वर्थ यांनीं १८४४ सालींच वर्तमानपत्रांतून कडाडून विरोध केला होता. वाफेचें यंत्र आलें कीं या भूमीची शांतता गेलीच, अशी त्यांची भीति होती. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

आगगाडीमागून मँचेस्टर वगैरे शहरांतील कारखानदार आले. त्यांनीं काठावर बंगले बांधिले, आणि जसा बंगल्यास टांगा तशी बंगल्यास स्वतःची वाफेची नाव हवी, अशी चालच पडून गेली. त्यांतील हेन्री श्नायडर या लोखंडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याची 'एस्पेरन्स' (१८६९) प्रसिद्ध आहे. ती मात्र लांकडी नव्हे, लोखंडी होती. सकाळीं चांदीच्या तबकांत न्याहारी घेऊन चाकर पुढें चाले, मागून मालक येत, आणि नावेंत न्याहारी उरके तों सरोवराचें दक्षिण टोंक येई. तेथून ते आगगाडीनें बॅरो येथील आपल्या कारखान्याकडे जात, असें सांगतात. हें चित्र मोहक आहे खरें. परंतु हे चांदीचें तबक ज्या खाणींच्या उत्पन्नांतून आलें, त्या खाणींत उतरणाऱ्या मजुरांसही न्याहारी लागत असे, ही आठवण कौतुक करतांना सुटूं नये. आज त्या नौका सर्वांस पाहावयास मोकळ्या आहेत, हा काळाचा न्यायच म्हणावयाचा.

लांकडी नौकांत 'ब्रॅंक्सम' (१८९६) ही राणी शोभेल अशी आहे. तिची लांबी ५० फूट असून तिच्या फळ्या सागाच्या आहेत. सागाचें नांव येतांच आमच्या वाचकांस आपलेपणा वाटेल. सागाच्या अंगांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें तो पाण्यानें सहजासहजीं कुजत नाहीं, व त्यांत ठोकलेले लोखंडी खिळे ओकमधील खिळ्यांप्रमाणें लवकर गंजत नाहींत. मुंबईच्या वाडियांनीं मलबारच्या सागाचें बांधिलेलें 'ट्रिंकोमाली' हें १८१७ सालचें लढाऊ गलबत इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप जतन केलेलें आहे. सागाच्या टिकाऊपणास याहून मोठी साक्ष ती कोणती?

यंत्र कसें चालतें?

आतां नावेच्या पोटांत डोकावूं. मध्यभागीं बंब, म्हणजे बायलर. त्याच्या भट्टींत कोळसा अथवा लांकूड पेटलेलें. पाण्याची वाफ झाली म्हणजे मोकळ्या हवेंत ती मूळच्या पाण्याच्या सोळाशें पटींहून अधिक जागा व्यापते. बंबांत कोंडल्यामुळें तिला तसें पसरतां येत नाहीं. म्हणून ती दाब देते. ही दाबलेली वाफ नळकांड्यांत शिरून दट्ट्यास ढकलते. दट्ट्याचें पुढेंमागें होणें दांड्याच्या व वांकड्या आंसाच्या योगानें गोल फिरण्यांत पालटतें, आणि पाण्याखालील मळसूत्री पंखा फिरूं लागून नाव पुढें जाते. कित्येक नौकांत दोन नळकांडीं असतात. लहान नळकांड्यांत काम केलेली वाफ टाकून न देतां मोठ्या नळकांड्यांत नेऊन तिच्याकडून उरलेलें काम करून घेतात. शेवटीं ती थंड नळींत जाऊन पुन्हां पाणी होते व तेंच पाणी बंबांत परत जातें. काटकसर कशी करावी हें या यंत्रापासून शिकावें!

बंबापाशीं बसणाऱ्या माणसाची नजर दोन ठिकाणीं खिळलेली असावी लागते. पहिली कांचेची नळी. तीमध्यें बंबांतील पाण्याची पातळी दिसते. पाणी फार खालीं गेलें तर भट्टीचा माथा उघडा पडून जळतो व मोठा अपघात होतो. दुसरा दाब दाखविणारा कांटा. दाब मर्यादेबाहेर गेला तर सुरक्षेची झडप आपोआप उघडून वाफ बाहेर सोडते. परंतु झडप आहे म्हणून डोळे मिटून चालत नाहीं.

या नौकांत चहाची एक मौज असे. तांब्याच्या भांड्यांत नळीचें वेटोळें बसवून त्यांतून बंबांतील वाफ सोडीत. गॅलनभर पाणी कांहीं सेकंदांतच उकळूं लागे. ही जादू नव्हे, गुप्त उष्णतेचा प्रताप होय. एक किलोग्रॅम वाफेचें पाणी होतांना सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. एक गॅलन, म्हणजे सुमारें साडेचार किलोग्रॅम पाणी, १० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ४०५ किलोकॅलरी पुरतात. विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा: पाऊण किलोग्रॅम वाफेंत सर्व मंडळींचा चहा होतो!

तीं इतकीं वर्षें टिकलीं कशीं?

समुद्रावरील त्याच काळच्या बहुतेक लांकडी बोटी नाहींशा झाल्या, आणि सरोवरांतील कांहीं उरल्या, याचें कारण पाण्यांत आहे. समुद्रांत लांकूड पोखरणारा, अळीसारखा दिसणारा परंतु शिंपल्यांच्या कुळांतील एक प्राणी असतो. तो फळ्यांची चाळण करून टाकतो. याचसाठीं आपले कोंकणांतील लोक होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांस तेल चोळतात. गोड्या थंड सरोवरांत हा शत्रु नाहीं. शिवाय खारें पाणी नसल्यामुळें बंबांत मिठाचा थर सांचत नाहीं, आणि लोखंडही सावकाश गंजतें. मात्र गोड्या पाण्याचा एक दोष आहे. सरोवराचें पाणी खालून जितकें निरुपद्रवी, तितकें पावसाचें पाणी वरून घातक. तें फळ्यांच्या सांध्यांत मुरून राहिलें कीं बुरशी धरते व लांकूड आंतून भुसभुशीत होतें. म्हणून ज्या नौका टिकल्या, त्या छपराखालीं, नावघरांत ठेविलेल्या होत्या.

याहूनही नवल 'डॉली'चें. ही लांकडी नाव १८५० च्या सुमारास बांधलेली. १८९५ च्या कडाक्याच्या थंडींत शेजारच्या अल्सवॉटर सरोवरांत ती बुडाली. तळाच्या गाळांत ती ६७ वर्षें पडून होती. १९६२ सालीं पाणबुड्यांनीं तिला वर काढिलें, तेव्हां तिचें लांकूड व यंत्र दोन्हीही आश्चर्य वाटण्याइतकीं शाबूत निघालीं. डागडुजी झाल्यावर तिचें मूळ यंत्र पुन्हां चाललें. बुडणें हेंच तिचें रक्षण ठरलें! कारण गाळांत हवा पोंचत नाहीं, आणि हवेवांचून बुरशी जगत नाहीं. यंत्रानें चालणाऱ्या व मूळ यंत्र कायम असलेल्या नौकांत ती जगांतील सर्वांत जुन्या नौकांपैकीं एक गणली जाते. तिच्या बरोबरीच्या ज्या नौका बुडाल्या नाहींत, त्यांचें काय झालें? पेट्रोलचें यंत्र आलें. तें एका झटक्यांत सुरू होई, तर वाफ तयार होण्यास तासभर वाट पाहावी लागे व बंबापाशीं जाणता माणूस लागे. म्हणून कित्येकांचीं वाफेचीं यंत्रें उपटून भंगारांत घातलीं गेलीं. अल्सवॉटरवरील 'लेडी ऑफ द लेक' (१८७७) व 'रेव्हन' (१८८९) या मोठ्या बोटींतही १९३० नंतरच्या दशकांत डीझेलचीं यंत्रें बसलीं. लोक त्यांस वाफेच्याच बोटी म्हणतात. वाफ गेली, नांव राहिलें.

जतन म्हणजे काय?

जुन्या नौका नाहींशा होत असतां जॉर्ज पॅटिन्सन या विंडरमिअरच्या रहिवाशानें त्या गोळा करण्यास आरंभ केला, आणि १९७७ सालीं काठावर त्यांचें संग्रहालय उघडलें. पुढें तें बंद पडलें. परंतु संग्रह राहिला, आणि २०१९ सालीं त्याच जागीं नवें संग्रहालय उभें राहिलें. त्यांत पाणी आंत घेतलेलें नावघर आहे व नौका दुरुस्त करण्याची कार्यशाळाही आहे.

येथें एक खरा पेंच आहे, आणि त्यावर विद्यार्थ्यांनीं विचार करावा असें आम्हांस वाटतें. लांकडी नाव पाण्याबाहेर ठेविली, तर फळ्या सुकून आकसतात व सांधे उघडतात. पाण्यांत ठेवून चालविली, तर झिजते. आज एक फळी, उद्यां एक खिळा बदलावा लागतो, आणि जुना बंब सुरक्षित नसल्यामुळें नवा घालावा लागतो. शेवटीं जुनी नाव उरते किती? शेजारच्या कॉनिस्टन सरोवरांतील 'गोंडोला' (१८५९) हिचें लोखंडी अंग इतकें जीर्ण झालें होतें कीं, नव्यानें अंग बांधून १९८० सालीं ती पुन्हां पाण्यांत सोडावी लागली. ती चालते, शीळ घालते, मुलांस आनंद देते. पण तिचें अंग आजोबांचें नव्हे, नातवाचें आहे. उलट 'डॉली'चें अंग खरें, परंतु तें फार जपावें लागतें.

आमच्या मतें दोन्ही प्रकार हवेत. जी नाव आपल्या जातीची एकटीच उरली, तिच्या अंगास शक्य तों हात लावूं नये. ती पुराव्याचा कागद आहे, आणि पुराव्यांत खाडाखोड चालत नाहीं. परंतु सर्वच नौका मुक्या करून ठेविल्या, तर बंब पेटविण्याची, सांध्यांत कापूस ठासण्याची, आवाजावरून यंत्राची प्रकृति ओळखण्याची विद्या माणसांबरोबर मरून जाईल. ती पुस्तकांत पूर्णपणें लिहितां येत नाहीं. हातानेंच ती हाताला द्यावी लागते. म्हणून कांहीं नौका चालत्या ठेवाव्या, आणि त्यांत जुनें किती व नवें किती हें पाहणारास प्रामाणिकपणें सांगावें. आपल्या गांवचा जुना वाडा किंवा आजोबांचें घड्याळ यांसही हाच नियम लागू पडतो.

वेगाचा धडा

अखेरीस एक हिशेब. या नौका लांब व निमुळत्या कां? चालत्या नावेमुळें पाण्यांत लाट उठते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नावेइतकी झाली म्हणजे नाव जणूं स्वतःच्याच लाटेचा चढ चढूं लागते. मग कितीही कोळसा घातला तरी वेग फारसा वाढत नाहीं. पाण्यास टेकलेल्या लांबीचें फुटांत वर्गमूळ काढून त्यास १⅓ नें गुणावें, म्हणजे ही मर्यादा ताशीं सागरी मैलांत मिळते. ३६ फुटांस ८. ४९ फुटांस ९⅓. म्हणजे 'ब्रॅंक्सम'सारखी मोठी नाव ताशीं साडेनऊ सागरी मैलांच्या आसपास थांबते.

पुढील पिढ्यांस हा वेग अपुरा वाटला. पेट्रोलच्या बोटी लाटेवरून उडूं लागल्या. १३ जून १९३० रोजीं याच विंडरमिअरवर सर हेन्री सीग्रेव्ह यांनीं पाण्यावरील वेगाचा ताशीं सुमारें ९९ मैलांचा उच्चांक केला, आणि त्याच दिवशीं बोट उलटून ते मृत्यु पावले. पुढें मौजेच्या वेगवान बोटींचा गोंगाट इतका वाढला कीं, २००५ सालीं सर्व यांत्रिक नौकांस मर्यादा घालण्यांत आली. ती किती? ताशीं १० सागरी मैल! शंभरांहून अधिक वर्षें फिरून कायदा जवळजवळ तेथेंच आला, जेथें जुन्या सुतारानें आपली लांकडी नाव ठेविली होती.

ज्या वाफेमुळें या प्रदेशाची शांतता जाईल अशी भीति थोर कवीस वाटली, तीच वाफ आज तेथें शांततेची खूण मानली जाते. कवि चुकले असें आम्ही म्हणत नाहीं. नवीन शक्ति कशी वापरली जाईल हें त्यांस दिसत नव्हतें, इतकेंच. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातांत वाफेहून कितीतरी प्रबळ शक्ति येणार आहेत. त्या नव्या म्हणून त्यांचें भय धरूं नये, आणि नव्या म्हणून त्यांच्यामागें वेड्यासारखें धांवूंही नये. त्यांच्या बंबास कांचेची नळी, दाबाचा कांटा आणि सुरक्षेची झडप आहे कीं नाहीं, व त्यांच्यापाशीं जागा माणूस बसला आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. एवढें शिकविलें, तर त्या जुन्या लांकडी आगबोटी अजूनही आपलें काम करीत आहेत असेंच म्हटलें पाहिजे.